मेंदूतील धमनीचा फुगा : शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतरचे एकवीस दिवस

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखाद्या आजाराची सोप्या शब्दांत ओळख करून द्यावी, म्हणजे देणगीदारांस आपल्या देणगीचे पुढे काय होते हे उमगते आणि रुग्णांच्या नातेवाइकांसही थोडे मार्गदर्शन होते, या हेतूने प्रस्तुत लेख सादर करीत आहोत. विषय आहे मेंदूतील धमनीला येणारा फुगा. वैद्यकीय मराठीत त्यास 'धमनीविस्फार' म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी 'ॲन्युरिझम' हा शब्द असतो.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून त्याचे काम प्रशासनाचे व हिशेबाचे आहे. त्यामुळे वैयक्तिक उपचाराचा सल्ला येथे नाही. तो आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा. तथापि या आजारात नातेवाईक प्रशासन कार्यालयात येऊन जे प्रश्न विचारतात, ते बहुतांशी सारखेच असतात. त्यांपैकी एक प्रश्न हमखास असतो : "ऑपरेशन तर नीट झाले ना, मग अजून इतके दिवस कशासाठी?" या प्रश्नाचे उत्तर समजले की हा आजारही समजतो आणि त्याचा खर्चही. म्हणून लेखाचा रोख मुख्यतः त्या उत्तराकडे आहे.

फुगा म्हणजे नेमके काय?

हृदयातून निघालेले रक्त मानेतील चार मोठ्या धमन्यांमधून मेंदूकडे जाते. मेंदूच्या तळाशी या धमन्या एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडे तयार होते. इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी १६६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कड्याचे वर्णन केले, म्हणून ते आजही 'विलिसचे वर्तुळ' या नावाने ओळखले जाते. या कड्यापासून धमन्यांना जेथे फाटे फुटतात, तेथे रक्ताच्या प्रवाहाचा मारा सतत बसत असतो. अशा एखाद्या ठिकाणी धमनीची भिंत कालांतराने दुबळी होते आणि बाहेर फुगू लागते. सायकलच्या जुन्या ट्यूबला एखाद्या जागी फुगवटा यावा, तसाच हा प्रकार. बहुतेक फुग्यांना अरुंद मान व पुढे गोल पोट असते. ही मान शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने फार महत्त्वाची असते, हे पुढे दिसेल.

हा विकार वाटतो तितका दुर्मिळ नाही. निरनिराळ्या देशांतील तपासण्यांवरून असे दिसते की, दर शंभर प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे ३ जणांच्या मेंदूत असा फुगा असतो. त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही, कारण तो फुटत नाही. फुगा फुटून रक्तस्राव होण्याचे प्रमाण दर एक लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण ६ ते ९ इतके आहे. आकडा लहान दिसतो. परंतु रक्तस्राव झालेल्या रुग्णांपैकी जवळजवळ एक तृतीयांश दगावतात आणि काही तर रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच. शिवाय हा आघात बहुधा पन्नाशीच्या आगेमागे, म्हणजे घराची जबाबदारी अंगावर असतानाच होतो. म्हणूनच संख्येने थोडा असूनही हा आजार कुटुंबाला मुळापासून हलवून सोडतो.

धोका कोणास अधिक?

धूम्रपान आणि दुर्लक्षित उच्च रक्तदाब ही दोन कारणे सर्वांत मोठी, आणि ती आपल्या हातातील आहेत. स्त्रियांमध्ये हा विकार पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. मूत्रपिंडांत पाण्याच्या असंख्य गाठी होण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. तो असणाऱ्यांत मेंदूतील फुग्याचे प्रमाण जास्त असते. तसेच आई-वडील, भावंडे किंवा मुले यांपैकी दोन वा अधिक व्यक्तींस हा आजार झाला असेल, तर उरलेल्या सख्ख्या नातेवाइकांनी तपासणीबाबत डॉक्टरांचा विचार घ्यावा. सरसकट प्रत्येकाने मेंदूचे चित्रण करून घेण्याची मात्र आवश्यकता नाही.

फुगा फुटतो तेव्हा

फुटलेल्या फुग्याचे प्रमुख लक्षण म्हणजे वीज कोसळावी तशी अचानक उठणारी डोकेदुखी. ती हळूहळू वाढत नाही. काही क्षणांत, फार तर मिनिटभरात, परमावधीला पोहोचते. "आयुष्यात असे डोके कधी दुखले नव्हते", असे रुग्ण सांगतो. त्याबरोबर उलटी, मान आखडणे, उजेड सहन न होणे, झटका येणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही होऊ शकते. काहींच्या बाबतीत एका डोळ्याची पापणी अचानक खाली पडते व त्या डोळ्याची बाहुली मोठी होते. वाढत्या फुग्याचा डोळ्याच्या मज्जातंतूवर दाब पडल्याचे ते चिन्ह असू शकते.

येथेच आपल्याकडे मौल्यवान वेळ जातो. डोके दुखून उलटी झाली की "पित्त चढले" असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात. उन्हाळा असेल तर "ऊन लागले", मान दुखत असेल तर "मान अवघडली". ही निदाने एरवी शंभरांतील नव्याण्णव वेळा खरीही ठरतात. परंतु डोकेदुखी अचानक आणि अभूतपूर्व असेल, तर पित्ताची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. कांदा हुंगविण्यात वेळ दवडू नये. रुग्ण गुंगीत असेल तर तोंडाने पाणी वा औषध न देता त्यास कुशीवर निजवावे आणि सी. टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ हलवावे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्यामुळे रक्त गोठण्याच्या क्रियेस अडथळा येतो.

घाईचे कारण असे की, एकदा फुटलेला फुगा रक्ताची गुठळी बसून तात्पुरता बंद झालेला असतो. तो पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असतो आणि दुसरा रक्तस्राव पहिल्यापेक्षा बहुधा अधिक घातक ठरतो.

निदान

पहिली तपासणी सी. टी. स्कॅनची. डोकेदुखी सुरू झाल्यापासून पहिल्या सहा तासांत आधुनिक यंत्रावर केलेल्या स्कॅनमध्ये हा रक्तस्राव जवळजवळ निश्चितपणे दिसतो. जसजसा काळ लोटतो तसतसे रक्त विरघळू लागते आणि स्कॅन निर्दोष दिसण्याची शक्यता वाढते. अशा वेळी संशय कायम असल्यास पाठीच्या मणक्यांतून सुई घालून मेंदूभोवतालच्या द्रवाचा नमुना काढून तपासतात. पाठीतून पाणी काढण्याची अनेक नातेवाइकांस धास्ती वाटते व ते संमतिपत्रावर सही करण्यास कचरतात. परंतु काही वेळा निदान त्यावरच अवलंबून असते.

रक्तस्राव ठरला की फुगा कोठे आहे हे शोधण्यासाठी धमन्यांचे चित्रण, म्हणजेच अँजिओग्राफी, करावी लागते. मेंदूच्या धमन्यांचे असे चित्रण पोर्तुगालमधील एगास मोनिझ यांनी १९२७ साली प्रथम केले. त्यापूर्वी जिवंत माणसाच्या कवटीतील धमनी पाहण्याचा मार्गच नव्हता.

शस्त्रक्रियेची वाटचाल

जुन्या काळी यावर एकच उपाय होता, तो म्हणजे मानेतील मोठी धमनी बांधून फुग्याकडील रक्ताचा दाब कमी करणे. १९३१ साली एडिंबरो येथील नॉर्मन डॉट यांनी कवटी उघडून प्रत्यक्ष फुग्यावर उपचार केला. त्यांनी रुग्णाच्याच पायातील स्नायूचा तुकडा घेऊन तो फुग्याभोवती लपेटला व रक्तस्राव थांबविला. पुढे २३ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी ४३ वर्षांच्या एका गृहस्थाची शस्त्रक्रिया केली. त्याची एक पापणी पडलेली होती. डँडींनी फुग्याच्या मानेवर चांदीची छोटीशी क्लिप बसविली. धमनीतील प्रवाह चालू राहिला आणि फुग्यात जाणारे रक्त तेवढे थांबले. रुग्ण बरा झाला आणि पुढील काही महिन्यांत त्याचा डोळाही सुधारला. मुख्य वाहिनीला धक्का न लावता केवळ फुगा बाद करावयाचा, हे तत्त्व त्या दिवशी प्रस्थापित झाले. आजच्या दोन्ही प्रमुख उपचारांचा पाया तेच तत्त्व आहे.

त्यानंतरची मोठी झेप सूक्ष्मदर्शकाची. १९५७ साली अमेरिकेत थिओडोर कुर्झ यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक वापरला आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून झ्युरिक येथील गाझी यासारगिल यांनी फुग्यांच्या शस्त्रक्रियेत त्याचा असा पद्धतशीर उपयोग केला की, जगभरच्या शल्यचिकित्सकांनी ती पद्धत उचलली. भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. जेकब चांडी यांनी सुरू केला. त्यानंतर मद्रास, मुंबई आदी शहरांत ही शाखा रुजली.

क्लिपची शस्त्रक्रिया कशी होते?

रुग्णास पूर्ण भूल देऊन त्याचे डोके विशिष्ट चौकटीत स्थिर केले जाते. बहुतेक फुग्यांसाठी कानशिलाजवळील हाडाचा तुकडा कापून बाजूला ठेवतात. यापुढे शल्यचिकित्सक मेंदू कापीत नाही. मेंदूच्या दोन खंडांमध्ये निसर्गतःच फट असते. सूक्ष्मदर्शकाखाली ती अलगद उलगडून तो धमनीपर्यंत पोहोचतो. जरूर पडल्यास मुख्य धमनीवर काही मिनिटांपुरती तात्पुरती क्लिप लावून प्रवाह थांबविला जातो. मग फुग्याच्या मानेवर कायमची क्लिप बसते. शेजारची एखादी बारीक धमनी चिमटीत सापडली नाही ना आणि फुगा पुरता बंद झाला ना, याची खात्री करून घेतात व हाडाचा तुकडा परत जागच्या जागी बसवितात.

येथे प्रशासनाच्या बाजूने एक सूचना. आजच्या क्लिप बहुधा टायटॅनियमच्या असतात व योग्य त्या अटींवर एम. आर. आय. तपासणी करता येते. परंतु दहा वर्षांनी दुसऱ्या गावी एम. आर. आय. करताना तेथील तंत्रज्ञ विचारतो, "क्लिप कोणत्या कंपनीची?" त्या वेळी डिस्चार्ज कार्ड आणि त्यावरील क्लिपचा तपशील हाताशी नसेल, तर तपासणी अडते. म्हणून हे कागद घराच्या खरेदीखताइतके जपून ठेवावेत.

कवटी न उघडता : गुंडाळीचा उपचार

दुसरा मार्ग धमनीच्या आतून जाणारा आहे. इटलीचे गुइदो गुग्लिएल्मी यांनी अमेरिकेत लॉस अँजेलिस येथे विकसित केलेल्या पद्धतीने १९९० साली पहिल्या रुग्णावर उपचार झाला. यात जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी घालून ती क्ष-किरणांच्या साह्याने थेट फुग्यापर्यंत नेतात. त्या नळीतून प्लॅटिनमची केसासारखी बारीक तार फुग्यात सोडली जाते. आत जाताच ती गुंडाळी होऊन बसते. नीट बसली की सूक्ष्म विद्युतप्रवाहाने ती सुटी करतात. अशा एकामागून एक गुंडाळ्यांनी फुगा भरला की आतील रक्त गोठते व तो बंद होतो. यास 'कॉइलिंग' म्हणतात. अलीकडे मोठ्या व रुंद मानेच्या फुग्यांसाठी मुख्य धमनीतच बारीक जाळीची नळी बसवून प्रवाह फुग्यापासून दूर वळविण्याचीही सोय झाली आहे. मात्र त्यानंतर रक्त पातळ ठेवणारी औषधे घ्यावी लागत असल्याने, नुकताच फुटलेल्या फुग्यात तिचा वापर सावधपणे केला जातो.

या दोहोंत चांगला कोणता? इंग्लंडच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत २१४३ रुग्णांची तुलना करण्यात आली. एका वर्षानंतर मृत्यू किंवा परावलंबित्व आलेल्यांचे प्रमाण गुंडाळीच्या गटात सुमारे २४ टक्के व क्लिपच्या गटात सुमारे ३१ टक्के आढळले. तेव्हापासून जगभर गुंडाळीकडे कल वाढला. परंतु ही चाचणी दोन्ही उपचारांस योग्य अशा रुग्णांपुरतीच होती, हे विसरून चालत नाही. मेंदूच्या बाजूकडील धमनीच्या फाट्यावरील फुगे, रुंद मानेचे फुगे, किंवा सोबत रक्ताची मोठी गुठळी साचून मेंदूवर दाब आला असेल, तर कवटी उघडून क्लिप लावणे अनेकदा श्रेयस्कर ठरते. उलट मेंदूच्या तळाशी मागील बाजूच्या फुग्यांस गुंडाळी सोयीची. गुंडाळी केलेला फुगा काही वेळा पुन्हा भरू लागतो, म्हणून काही महिन्यांनी फेरतपासणी चुकवू नये.

नातेवाइकांनी येथे आणखी एक बाब समजून घ्यावी. फुगा भरण्यास किती गुंडाळ्या लागतील हे आधी अचूक सांगता येत नाही. त्यामुळे खर्चाचा अंदाज व प्रत्यक्ष देयक यांत फरक पडू शकतो. यात लपवाछपवी नसते. ते या उपचाराचे स्वरूपच आहे.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

आता लेखाच्या आरंभी मांडलेल्या प्रश्नाकडे येऊ. ऑपरेशन झाले, मग पुढे काय?

क्लिप असो वा गुंडाळी, तिने साधते ते एकच : फुगा पुन्हा फुटत नाही. पहिल्या रक्तस्रावाने जे रक्त मेंदूभोवती पसरले, ते तेथेच असते. त्याने झालेली हानी शस्त्रक्रियेने पुसली जात नाही. हे रक्त हळूहळू विरघळते आणि विरघळताना मेंदूच्या धमन्यांना चिडविते. साधारण चौथ्या दिवसापासून धमन्या आकसू लागतात. सातव्या ते दहाव्या दिवशी हा धोका शिगेस असतो आणि दोन ते तीन आठवड्यांत तो ओसरतो. दर तीन-चार रुग्णांपैकी एकाच्या मेंदूच्या एखाद्या भागास या काळात रक्त अपुरे पडते. काल बोलणारा रुग्ण आज शब्द शोधू लागतो, हातातील चमचा गळून पडतो, किंवा नुसताच सुस्त दिसतो. दर तासाला रुग्णाची शुद्ध, बोलणे व हातापायांची शक्ती तपासणाऱ्या परिचारिकेच्या लक्षात हा बदल वेळीच आला, तर रक्तदाब वाढवून किंवा धमनीत औषध सोडून पुष्कळदा पक्षाघात टाळता येतो. तो दोन-चार तास उशिरा लक्षात आला, तर यशस्वी शस्त्रक्रियेचे फळ हातचे जाऊ शकते.

या काळातील एक औषध सर्वांना ठाऊक असावे. त्याचे नाव निमोडिपीन. ते दर चार तासांनी, रात्रीही, एकूण एकवीस दिवस दिले जाते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत ५५४ रुग्णांचा अभ्यास होता. मेंदूचा एखादा भाग रक्ताअभावी मृत होण्याचे प्रमाण औषध न घेतलेल्यांत ३३ टक्के होते, तर घेतलेल्यांत २२ टक्के. मध्यरात्री दोन वाजता दिलेल्या एका गोळीचे मोल किती, हे या दोन आकड्यांवरून ध्यानी यावे.

याखेरीज मेंदूभोवतालच्या द्रवाचा निचरा रक्तामुळे तुंबू शकतो. मग डोक्यातून तात्पुरती नळी बाहेर काढावी लागते व काहींना पुढे कायमची नळी शरीराच्या आतून पोटात सोडावी लागते. रक्तातील सोडियम अकस्मात घसरते, म्हणून रक्त वारंवार तपासावे लागते. बेशुद्ध रुग्णाच्या छातीत कफ साचू नये, पाठीवर जखमा होऊ नयेत, सांधे आखडू नयेत, यासाठी भौतिकोपचार व शुश्रूषा अखंड चालू असते. यांपैकी कोणत्याच गोष्टीत नाट्य नाही. खिडकीतून डोकावणाऱ्या नातेवाइकास "काहीच चाललेले नाही" असे वाटते. वस्तुतः रुग्ण घरी चालत जाणार की उचलून न्यावा लागणार, याचा बराचसा निर्णय याच दिवसांत होत असतो.

खर्चाची बाजू

हा सर्व तपशील देण्याचे कारण आता सांगतो. घरातील मंडळी पहिल्या दिवशी पैसा उभा करतात तो ऑपरेशनसाठी. ठेव मोडली जाते, दागिना गहाण पडतो, भाऊबंद धावून येतात. कल्पना अशी असते की, एकदा ऑपरेशन पार पडले की मोठा खर्च संपला. प्रत्यक्षात अतिदक्षता विभागाचे दिवस, श्वसनयंत्र, औषधे, वारंवार होणाऱ्या तपासण्या हा खर्च तेव्हा कोठे सुरू झालेला असतो. त्यातच बाहेरगावच्या नातेवाइकांचा राहण्या-जेवण्याचा खर्च व बुडालेली रोजी. सातव्या-आठव्या दिवशी हातातील पैसा संपतो आणि नेमक्या त्याच वेळी, म्हणजे धमन्या आकसण्याचा धोका सर्वाधिक असताना, वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याची परवानगी मागितली जाते. या आजारात पैशाची टंचाई आणि जिवाचा धोका एकाच आठवड्यात भेटतात. ही बाब ज्यांनी आधी ओळखली, त्यांनाच तिची तरतूद करता येते.

म्हणून नातेवाइकांनी दाखल होताच समाजसेवा विभागाची भेट घ्यावी. पैसे संपण्याची वाट पाहू नये. शिधापत्रिका व आधारपत्र पहिल्याच दिवशी गावाहून मागवून घ्यावे. राज्य शासनाची २०१२ साली सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जन आरोग्य योजना अंगीकृत रुग्णालयांत लागू होते. आपल्या रुग्णाचा उपचार तीत बसतो का, हे तेथील आरोग्यमित्राकडे विचारावे. तसेच मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा केली जाते. ही मदत म्हणजे उपकार नसून विधिवत व्यवस्था आहे. ती मागण्यात संकोच नसावा.

देणगीदार आणि विश्वस्त यांच्यासमोर हिशेबाच्या भाषेत एक विचार नम्रपणे मांडतो. सूक्ष्मदर्शक किंवा अँजिओग्राफीचे यंत्र घेतले की तो भांडवली खर्च होतो. ते ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूस दिसते, त्यावर नावाची पाटी लागते, आणि ते योग्यच आहे. यंत्राविना ही शस्त्रक्रिया अशक्य. परंतु रात्रपाळीच्या परिचारिकेचे वेतन, निमोडिपीनच्या गोळ्या, नवव्या दिवसाची अतिदक्षता विभागातील खाट हा सारा महसुली खर्च. तो वर्षअखेरीस संपून जातो आणि ताळेबंदात त्याचे नावनिशाण उरत नाही. साहजिकच देणगीचा ओघ यंत्राकडे अधिक व दिवसांकडे कमी राहतो. या आजारात मात्र यंत्राने वाचविलेला रुग्ण या दिवसांनीच राखावयाचा असतो. एखाद्या कुटुंबाने आपल्या दिवंगत माणसाच्या स्मरणार्थ एका गरजू रुग्णाच्या अतिदक्षता विभागातील काही दिवसांचा भार उचलला, किंवा एखाद्या दात्याने कायम निधी ठेवून त्याच्या व्याजातून दरवर्षी असे दिवस पुरविले, तर त्या देणगीस पाटी लागणार नाही. परंतु आठव्या दिवशी घरी निघालेला एखादा रुग्ण थांबेल. विश्वस्त मंडळाने अशा निधीचा अवश्य विचार करावा, अशी विनंती आहे.

न फुटलेला फुगा आढळल्यास

डोक्यास मार लागला किंवा चक्कर येते म्हणून केलेल्या तपासणीत कधी कधी न फुटलेला फुगा योगायोगाने आढळतो. अशा वेळी घाबरून जाऊ नये. लहान फुगे फुटण्याचा धोका अल्प असतो आणि शस्त्रक्रियेलाही स्वतःचा धोका असतोच. फुग्याचा आकार, जागा, रुग्णाचे वय, रक्तदाब, घराण्यातील इतिहास हे सारे तोलून डॉक्टर निर्णय देतात. अनेकदा ठरावीक मुदतीने चित्रण करून लक्ष ठेवणे एवढेच पुरेसे असते. धूम्रपान मात्र त्याच दिवशी सोडावे व रक्तदाबाची गोळी चुकवू नये.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. अचानक उठलेली, पूर्वी कधी न अनुभवलेली डोकेदुखी ही पित्ताची समजू नये. त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

२. रक्तदाब मोजत राहावा आणि धूम्रपान टाळावे.

३. क्लिप की गुंडाळी, हा निर्णय फुग्याची जागा व आकार यांवरून होतो. शेजारच्या रुग्णाच्या उपचाराशी तुलना करू नये.

४. पैशाची तरतूद ऑपरेशनपुरती न करता किमान तीन आठवड्यांची धरावी आणि मदतीसाठी पहिल्याच दिवशी अर्ज करावा.

५. चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रुग्णास घरी नेण्याचा आग्रह धरू नये.

६. घरी गेल्यावरही थकवा, विसराळूपणा, चिडचिड काही महिने राहू शकते. तो रुग्णाचा हट्ट नसून आजाराचाच भाग आहे. कामावर परतण्याची घाई करू नये.

७. डिस्चार्ज कार्ड व क्लिपचा किंवा गुंडाळीचा तपशील कायम जपावा.

डँडींच्या काळात चांदीची एक क्लिप बसविणे हाच पराक्रम होता. आज ते कौशल्य आपल्या देशातील अनेक शहरांत उपलब्ध आहे. उरलेले काम तुलनेने साधे पण दीर्घ आहे, आणि ते शल्यचिकित्सकापेक्षा परिचारिका, नातेवाईक व देणगीदार यांच्या हातात अधिक आहे. त्या कामात आपणा सर्वांचे सहकार्य लाभेल, असा विश्वास वाटतो.

— प्रशासकीय अधिकारी